एक लॅपटॉप, दोन कार्यप्रणाली : गिरगावातील एका डीटीपी व्यवसायाचे प्रकरण

परिस्थिती

प्रस्तुत प्रकरण गिरगावातील एका चाळीच्या तळमजल्यावर चालणाऱ्या लहानशा डीटीपी व्यवसायाचे आहे. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, आरत्यांच्या पुस्तिका आणि दिवाळीच्या सुमारास एखाद्या अंकाची पाने अशी कामे तेथे होतात. मालक पन्नाशी ओलांडलेले असून त्यांचे सारे काम एकाच लॅपटॉपवर चालते. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणारी त्यांची कन्या रात्री तोच लॅपटॉप अभ्यासासाठी वापरते. २०२५ च्या पावसाळ्यात, स्मरणिकांचा हंगाम सुरू होण्याच्या थोडे आधी, तिच्या रोबोटिक्सच्या प्रकल्पासाठी रोबोटच्या आज्ञावलींसाठी असलेल्या आरओएस २ या संचाची ‘जॅझी’ आवृत्ती लागणार असे ठरले. ही आवृत्ती मुख्यतः उबुंटू २४.०४ या लिनक्सच्या एका प्रकारासाठी तयार केलेली असल्याने लिनक्सवाचून गत्यंतर नव्हते.

वडिलांचे काम मात्र विंडोजला घट्ट बांधलेले होते. त्यांची जवळजवळ सर्व जुनी पाने पेजमेकर ७.० मध्ये आहेत. हा कार्यक्रम २००१ मध्ये आला आणि त्यानंतर त्याची नवी मोठी आवृत्ती निघाली नाही. पानांतील मराठी मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेला आहे. अशा फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असतात, त्यामुळे तो फाँट नसलेल्या यंत्रावर पान उघडले की समोर केवळ निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. शिवाय टंकनाचा संच, परवान्याची खूण असलेले यूएसबी डोंगल लावल्याशिवाय चालत नाही. हे सर्व लिनक्सवर हलवण्याचा विचार करणेही व्यर्थ होते. मालकांची अट एकाच वाक्याची होती : “माझं काम एक दिवसही बंद पडता कामा नये, बाकी तुम्ही काय हवं ते करा.”

लॅपटॉप तीन वर्षांपूर्वी घेतलेला, अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, ८ जीबी रॅमचा आणि ५१२ जीबी क्षमतेच्या एकाच एनव्हीएमई डिस्कचा होता. त्यावर विंडोज ११ ची होम आवृत्ती होती.

पर्यायांचा विचार

दोन कार्यप्रणाली शेजारी शेजारी बसवणे हा पहिला पर्याय नसावा असे माझे मत आहे, आणि येथेही आम्ही इतर मार्ग आधी पडताळून पाहिले. विंडोजच्या आत आभासी संगणक उभा करून त्यात लिनक्स चालवण्याच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या, पर्यायासाठी ८ जीबी रॅम अपुरी होती, कारण त्यातील निम्मी पाहुण्या कार्यप्रणालीला दिल्यावर रोबोटचे त्रिमितीय सादृशीकरण रखडू लागते आणि विंडोजलाही श्वास घेता येत नाही. विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल या सोयीत प्रोग्रॅमिंगचा बराचसा अभ्यास होऊ शकला असता, परंतु यूएसबीने जोडलेला नियंत्रक बोर्ड तिच्यात आपोआप दिसत नाही. तो वेगळ्या साधनाने दर वेळी जोडून घ्यावा लागतो. बाह्य एसएसडीवर उबुंटू बसवण्याचा मार्ग मला सर्वांत निर्धोक वाटत होता. मात्र लॅपटॉपला यूएसबीची दोनच पोर्ट होती. माऊस आणि बोर्ड लावल्यावर तिसऱ्या वस्तूला जागा उरत नव्हती, आणि कागदांच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या टेबलावर लोंबकळणाऱ्या केबलवर अख्खी कार्यप्रणाली सोपवणे कोणालाच रुचले नाही. आत दुसरी डिस्क बसवण्याचा खाचाही नव्हता. तो असता, तर पुढचे बरेचसे लिखाण करावे लागले नसते.

अशा रीतीने एकाच डिस्कवर दोन्ही कार्यप्रणाली ठेवण्याचा निर्णय झाला. या कामाविषयी लोकांच्या मनात जी धास्ती असते ती डिस्कचे तुकडे करण्याविषयी असते. प्रत्यक्षात तुकडे करणे हा सर्वांत सरळ भाग आहे. चाळीत खोल्या स्वतंत्र असल्या तरी जिना, गॅलरी आणि पाण्याची वेळ सामायिक असते, आणि कटकटी त्यांवरूनच होतात. येथेही तसेच घडते. कार्यप्रणाली सुरू करून देणारा बूट लोडर ठेवण्याचा डिस्कचा तुकडा, म्हणजे ईएफआय पार्टिशन, एकच, मदरबोर्डवरील घड्याळ एकच, मदरबोर्डमध्येच साठवलेले आणि सुरुवातीचा क्रम ठरवणारे फर्मवेअर एकच आणि कुलपाची किल्ली सांभाळणारी टीपीएम चिपही एकच. या प्रकरणातील जवळजवळ प्रत्येक अडचण याच वस्तूंपाशी उद्भवली.

पूर्वतपासणी आणि न मागता लागलेले कुलूप

विंडोजच्या ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ या पटलावर बायोस मोड यूईएफआय, म्हणजे फर्मवेअर नव्या पद्धतीचे, असल्याचे आणि केवळ स्वाक्षरित लोडरच सुरू होऊ देणारे सिक्युअर बूट चालू असल्याचे दिसले. डिस्कची मांडणी जीपीटी पद्धतीची होती. ही सुखद बाब होती, कारण जुन्या एमबीआर पद्धतीत चारच प्राथमिक पार्टिशन करता येतात आणि उत्पादकांनी ती आधीच भरून ठेवलेली असतात. येथे २६० एमबीचे ईएफआय पार्टिशन, १६ एमबीचे राखीव पार्टिशन, सी ड्राइव्ह आणि शेवटी सुमारे १ जीबीचे रिकव्हरी पार्टिशन अशी रचना होती.

खरा प्रश्न पुढे आला. सी ड्राइव्हवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, म्हणजे किल्लीवाचून डिस्क वाचता येऊ नये यासाठीचे कूटबद्धीकरण, चालू होते आणि मालकांना त्याची कल्पनाही नव्हती. अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रथम प्रवेश करताच हे कूटबद्धीकरण आपोआप चालू होते. रोजच्या वापरात ते जाणवत नाही, कारण टीपीएम चिप सुरुवातीच्या प्रक्रियेची मोजमापे तपासून किल्ली परस्पर देते; पण फर्मवेअरमध्ये किंवा बूट होण्याच्या मार्गात बदल झाला की मोजमापे जुळत नाहीत आणि पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ही की ज्या खात्यात साठवलेली असते, ते खाते या लॅपटॉपच्या बाबतीत खरेदीच्या वेळी दुकानातील तंत्रज्ञाने स्वतःच्या ईमेलवरून उघडून दिलेले होते. मालक रोज चार अंकी पिन टाकून आत जात होते. म्हणजे त्यांच्या आयुष्यभराच्या कामाची किल्ली तीन वर्षे एका परक्या माणसाच्या खात्यात होती. दुकानाचे नाव घेण्याचे कारण नाही. ही रीत सर्वत्र आढळते, आणि कोणताही लॅपटॉप हाती आला की खाते कोणाचे आहे हे मी डिस्कच्या आधी पाहतो.

सुदैवाने विंडोज उघडे असताना आणि व्यवस्थापकाचे अधिकार हाती असताना ही की यंत्रातूनच वाचता येते. कमांड प्रॉम्प्ट व्यवस्थापक म्हणून उघडून ‘मॅनेज-बीडीई’ या आज्ञेने ती काढली, सहा-सहा अंकांचे आठ गट कागदावर लिहिले आणि दोघांनी ते मोठ्याने वाचून पडताळले. त्यानंतर मालकांच्या स्वतःच्या ईमेलवर नवे खाते उघडून त्याला व्यवस्थापकाचे अधिकार दिले. सर्व कामे नव्या खात्यातून होत असल्याची खात्री झाल्यावरच जुने खाते काढले.

मग कूटबद्धीकरण पूर्णपणे बंद केले. ते तात्पुरते स्थगितही करता येते, परंतु उबुंटूचा इन्स्टॉलर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे हे कूटबद्धीकरण, आढळल्यास अडून बसतो, आणि फर्मवेअरमधील एक मोठा बदल अजून व्हायचा होता. डिस्क पूर्ण उलगडण्यास काही तास लागतात. त्या वेळेत लॅमिंग्टन रोडवरून १ टीबीची बाह्य हार्ड डिस्क आणि १६ जीबीचा पेन ड्राइव्ह आणला गेला. बॅकअप दोन प्रकारे घेतला : संपूर्ण डिस्कची प्रतिमा वेगळी आणि कामाच्या फोल्डरांची साधी प्रत वेगळी. साध्या प्रतीतील जुनी-नवी पाने उघडून, फाँटसह नीट दिसत आहेत हे मालकांनी स्वतः पाहिले. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

जागा मोकळी करणे

सी ड्राइव्हवर सुमारे २०० जीबी जागा रिकामी होती, तरीही विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’ने केवळ ४१ जीबी कमी करता येतील असे सांगितले. याचे कारण असे की हायबरनेशनची (यंत्राची चालू स्थिती डिस्कवर जतन करण्याची) फाइल, पेजफाइल (रॅमला पूरक म्हणून वापरली जाणारी) आणि सिस्टीम रिस्टोअरच्या (विंडोज पूर्वस्थितीत नेण्याच्या) नोंदी जागेवरून हलवता येत नाहीत, आणि त्यांपैकी एखादी ड्राइव्हच्या मध्यावर पडलेली असेल तर आक्रसणे तेथेच थांबते. हायबरनेशन बंद केले, पेजफाइल आणि सिस्टीम रिस्टोअर तात्पुरते काढले आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर पुरेशी जागा मिळाली. त्या चौकटीत आकडा एमबीमध्ये द्यावा लागतो. १४० जीबीसाठी १,४३,३६० हा आकडा भरला. त्यांपैकी २० जीबीचे, विंडोजच्या एनटीएफएस फाइलव्यवस्थेचे पार्टिशन दोघांच्या देवाणघेवाणीसाठी केले आणि उरलेली जागा रिकामी ठेवली. हे काम लिनक्सच्या साधनांनीही होते, पण विंडोजचे पार्टिशन विंडोजकडूनच लहान करून घ्यावे. त्यानंतर पेजफाइल आणि सिस्टीम रिस्टोअर पूर्ववत केले.

हायबरनेशन मात्र कायमचे बंद ठेवले. त्यामागचे कारण जागेपेक्षा महत्त्वाचे आहे. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असताना ‘शट डाउन’ केलेले यंत्र खऱ्या अर्थाने बंद झालेले नसते. कार्यप्रणालीच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, स्थिती डिस्कवर जतन केलेली असते आणि ड्राइव्ह अर्धवट उघडे राहतात. अशा ड्राइव्हवर लिनक्सने काही लिहिले आणि मग विंडोज आपल्या जुन्या स्मृतीसह जागे झाले, तर फाइलव्यवस्था बिघडू शकते. म्हणूनच लिनक्स असा ड्राइव्ह बहुधा केवळ वाचण्यापुरता उघडते. हायबरनेशन बंद केले की फास्ट स्टार्टअपही बंद होते. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ही सेटिंग पुन्हा तपासण्यास कन्येला सांगून ठेवले आहे.

डिस्क नियंत्रकाची पद्धत आणि उबुंटूची स्थापना

पेन ड्राइव्हवरून उबुंटू ‘न बसवता’ चालवून वाय-फाय, टचपॅड आणि आवाज तपासले. सर्व ठीक होते. स्थापना सुरू करताच मात्र इन्स्टॉलरने इंटेलचे आरएसटी हे डिस्क हाताळणारे तंत्र चालू असल्याची सूचना देऊन पुढे जाण्यास नकार दिला. लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये त्याच्याशी निगडित व्हीएमडी हा पर्याय चालू ठेवलेला होता. या पद्धतीत एनव्हीएमई डिस्क थेट समोर न येता इंटेलच्या नियंत्रकामागे राहते. एकच डिस्क असलेल्या यंत्रात त्याचा वापरकर्त्याला काडीचा उपयोग नसतो, पण उत्पादक तो चालू करूनच यंत्र विकतात.

हा पर्याय सरळ बंद केला तर विंडोज निळ्या पडद्यावर थांबते, कारण त्याने सुरुवातीस लागणारा डिस्कचा ड्रायव्हर जुन्या मांडणीनुसार निश्चित केलेला असतो. त्यासाठी विंडोजला पुढच्या वेळी ‘सेफ मोड’मध्ये सुरू होण्याची आज्ञा आधी द्यायची, मग फर्मवेअरमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करायचे, सेफ मोडमध्ये विंडोज एकदा उघडू द्यायचे आणि नंतर ती आज्ञा मागे घ्यायची. सेफ मोडमध्ये विंडोज सर्व मूलभूत ड्रायव्हर तपासते आणि योग्य तो उचलते. हे सर्व सुरळीत पार पडले. कूटबद्धीकरण चालू असते, तर येथेच रिकव्हरी की मागितली गेली असती, आणि ती मिळवण्याचा रस्ता पहिल्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हता.

त्यापुढील स्थापनेविषयी फार सांगण्यासारखे नाही. पार्टिशन स्वहस्ते निवडले, रिकाम्या १२० जीबीचे लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलव्यवस्थेचे एकच पार्टिशन केले आणि स्वॅपसाठी, म्हणजे रॅमला पूरक जागेसाठी, वेगळे पार्टिशन न करता फाइलवर भागवले. ईएफआय पार्टिशन आहे तेच वापरले. ते ‘फॉरमॅट’ करण्याची खूण चुकूनही करू नये, कारण विंडोजचा बूट लोडर तेथेच असतो. उबुंटूचे कर्नल त्या पार्टिशनवर साठवले जात नाहीत, त्यामुळे २६० एमबी पुरेसे ठरतात.

सिक्युअर बूट चालूच ठेवले. उबुंटूचा ‘शिम’ हा छोटा लोडर मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्राने स्वाक्षरित असल्यामुळे त्याला अडथळा येत नाही. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका अपडेटने जुने शिम रद्द ठरवले होते, आणि दोन कार्यप्रणाली असलेल्या अनेकांचे लिनक्स त्या वेळी सुरूच होईना. म्हणून इन्स्टॉलरची प्रत जुन्या पेन ड्राइव्हवरची न वापरता त्याच आठवड्यात नव्याने उतरवून घेतली. यंत्रात एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असते, तर त्याच्या ड्रायव्हरसाठी स्वाक्षरी पडताळण्याची वेगळी किल्ली कदाचित नोंदवावी लागली असती. येथे इंटेलचेच ग्राफिक्स असल्याने तो भाग टळला.

आधी कोणाला उठवायचे

स्थापनेनंतर फर्मवेअरच्या क्रमात उबुंटू पहिले आले आणि यंत्र सुरू करताच ग्रब या उबुंटूच्या बूट लोडरची यादी दिसू लागली. सर्वसाधारण मार्गदर्शनांत येथेच समाधान मानले जाते : यादीत दोन्ही नावे आहेत, हवे ते निवडावे. ग्रब २.०६ पासून इतर कार्यप्रणालींचा शोध मुळात बंद ठेवलेला असल्याने काही यंत्रांवर विंडोजचे नावच यादीत येत नाही, आणि मग तो शोध चालू करून यादी पुन्हा तयार करावी लागते. या प्रकरणात मी ग्रबची यादी वडिलांच्या वाट्याला येऊच दिली नाही.

त्याचे कारण कूटबद्धीकरणात आहे. ग्राहकांचे फोन क्रमांक, पत्ते आणि जाहिरातदारांची बिले ज्या डिस्कवर आहेत ती कुलूपबंद असणे योग्यच होते. फक्त किल्ली मालकांकडे हवी होती. परंतु विंडोज ग्रबमार्गे सुरू केले, तर बूट होण्याच्या साखळीत शिम येतो, टीपीएममधील मोजमाप बदलते आणि रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. म्हणून फर्मवेअरच्या क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिला ठेवला. वडिलांनी बटण दाबले की पूर्वीप्रमाणे थेट विंडोज उघडते. कन्येला उबुंटू हवे असेल तेव्हा ती सुरुवातीलाच बूट मेनूची कळ दाबून ते निवडते. तिला एक कळ अधिक दाबावी लागते, एवढीच काय ती गैरसोय. ज्याची उपजीविका यंत्रावर आहे त्याला काहीही नवे शिकावे लागू नये, हा न्याय मला रास्त वाटतो. काही लॅपटॉपचे फर्मवेअर हा क्रम स्वतःहून बदलते. येथे तसे आढळले नाही.

मग डिव्हाइस एन्क्रिप्शन पुन्हा चालू केले. येथे एक बाब सहज निसटते : कूटबद्धीकरण काढून पुन्हा केले की रिकव्हरी की नवी तयार होते. आधीचा कागद फाडून टाकला आणि नव्या कीच्या दोन प्रती केल्या. एक विम्याच्या कागदांबरोबर कपाटात गेली, दुसरी डोंबिवलीला राहणाऱ्या मालकांच्या बहिणीकडे. मालकांच्या नव्या खात्यातही ती दिसते याची खात्री करून घेतली.

साडेपाच तासांचा फरक

सुमारे आठवडाभर सर्व सुरळीत चालले. त्यानंतर एका मंडळाच्या स्मरणिकेतील जाहिरातीचे पान, दुरुस्ती होऊनही, बाह्य डिस्कवरून छपाईला नेताना जुन्या मजकुरासह निघाले. मालकांनी शेवटचे प्रूफ पाहताना ते पकडले म्हणून प्लेट तयार होण्याआधी काम थांबले. पहिला संशय अर्थातच नव्या कार्यप्रणालीवर आणि ओघाने कन्येवर गेला. “बाबा, मी त्या फोल्डरला हातही लावलेला नाही,” असे ती सांगत होती. त्या सकाळी मात्र तिने त्याच जाहिरातीतील चित्र उबुंटूवर सुधारून देवाणघेवाणीच्या पार्टिशनवर ठेवले होते, हेही खरे होते.

दोष कोणाचाच नव्हता. घड्याळ एक आणि ते वाचण्याच्या रीती दोन, हे मूळ होते. मदरबोर्डवरील घड्याळात स्थानिक वेळ आहे असे विंडोज समजते, तर लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ आहे असे मानते. उबुंटू इंटरनेटवरून वेळ जुळवते आणि मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवते. त्यानंतर विंडोज सुरू झाले की तोच आकडा मुंबईची वेळ म्हणून वाचला जातो आणि घड्याळ साडेपाच तास मागे पडते. घरी अखंड इंटरनेट असते तर विंडोजने ते काही वेळाने सुधारलेही असते, पण दुकानात इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि फाइल पाठवण्यापुरतेच चालू होते. मालकांना भिंतीवरचे घड्याळ पाहण्याची सवय, त्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यातील वेळ त्यांच्या लक्षातच आली नाही. (भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आल्यानंतरही मुंबईने पुढे कित्येक वर्षे आपली वेगळी ‘बॉम्बे टाइम’ चालू ठेवली होती, म्हणजे एकाच ठिकाणी दोन वेळा नांदणे या शहराला अपरिचित नाही.)

आता बॅकअपचे काय झाले ते पाहू. बॅकअपचा कार्यक्रम बाह्य डिस्कवरील प्रतीपेक्षा नव्या असलेल्या फाइलच उचलत असे. कन्येने सकाळी आठ वाजता उबुंटूवर जतन केलेली चित्राची फाइल दुकान उघडताना बाह्य डिस्कवर गेली, आणि तिच्यावर आठची खरी वेळ होती. मालकांनी अकरा वाजता विंडोजवर त्याच चित्रातील फोन क्रमांकाची ओळ दुरुस्त केली, तेव्हा यंत्राच्या लेखी पहाटेचे साडेपाच वाजले होते. कार्यक्रमाच्या दृष्टीने दुरुस्त फाइल जुनी ठरली आणि वगळली गेली. कोठेही त्रुटीचा संदेश आला नाही, कारण आज्ञेचे पालन तंतोतंत झाले होते.

उपाय दोन आहेत. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या अंतर्गत नोंदवहीत, नोंद करून त्याला मदरबोर्डचे घड्याळ जागतिक वेळेचे मानायला लावता येते, किंवा ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने उबुंटूला स्थानिक वेळ वापरण्यास सांगता येते. जाणकार बहुधा पहिला सुचवतात, आणि दुसरा वापरल्यास उबुंटू स्वतःच इशारा देते. त्या इशाऱ्याचा मुख्य आधार असा की उन्हाळ्यात घड्याळे पुढे-मागे करणाऱ्या देशांत दोन्ही कार्यप्रणाली तो बदल आपापल्या परीने करून घोळ घालतात. भारतात ही पद्धत नाही, त्यामुळे येथे तो आक्षेप फारसा उरत नाही. वडिलांच्या विंडोजला शक्य तितके कमी हात लावायचे हे धोरण असल्याने मी दुसरा उपाय निवडला. विंडोजची वेळ एकदा इंटरनेटवरून जुळवली, चुकीच्या वेळांच्या फाइल मालकांसोबत बसून एकेक उघडून पाहिल्या, आणि बॅकअपच्या कार्यक्रमात केवळ वेळेवर न विसंबता मजकुराची तुलना करण्याचा पर्याय चालू केला. शिवाय जुनी प्रत पुसून टाकण्याऐवजी ती तारखेच्या फोल्डरमध्ये राखली जाईल अशी व्यवस्था केली.

सद्यस्थिती आणि पुढे काढून टाकण्याची तरतूद

स्मरणिकांचा हंगाम त्याच यंत्रावर पार पडला आणि कन्येचा प्रकल्पही चालू आहे. लॅपटॉपच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटवली आहे : फर्मवेअरमध्ये ‘डीफॉल्ट’ सेटिंग भरू नयेत. दुरुस्तीच्या दुकानात ही गोष्ट सहज केली जाते. त्यामुळे व्हीएमडी पुन्हा चालू होईल आणि विंडोज एक तर थांबेल किंवा रिकव्हरी की मागेल.

नोकरी लागल्यावर कन्या स्वतःचे यंत्र घेईल, तेव्हा उबुंटू काढावे लागेल. विंडोज फर्मवेअरमधून थेट सुरू होत असल्याने ते अवघड नाही. प्रथम तिचा डेटा हलवावा आणि रिकव्हरी की हाताशी ठेवावी. मग ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून १२० जीबीचे पार्टिशन पुसावे. ईएफआय पार्टिशनमधील उबुंटूचे फोल्डर आणि फर्मवेअरमधील त्याची नोंद काढावी. सी ड्राइव्हला ती जागा थेट जोडता येईल की नाही हे मधल्या देवाणघेवाणीच्या पार्टिशनवर अवलंबून आहे : ते सी आणि रिकाम्या जागेच्या मध्ये असल्याने त्यातील फाइल हलवून आधी ते पुसावे लागेल, आणि मगच सी वाढवता येईल.